नारळ फोडण्याआधी

वकीलबाई दुपारच्या चहाला येणार होत्या, आणि बाबांनी सकाळीच नारळ आणून देवापुढे ठेवला होता. सोबत विडा, सुपारी, आणि सुपारी घरंगळू नये म्हणून तिच्याखाली चिमूटभर तांदूळ. रुचिराने ते पाहिलं आणि लेकीचं, अबोलीचं नाक पुसलं.

या घरात गाऱ्हाणं घातल्याशिवाय पान हलत नसे. फ्रीज आला तेव्हा गाऱ्हाणं, रुचिराच्या नवऱ्याने, सिद्धेशने नोकरी बदलली तेव्हा गाऱ्हाणं. अबोलीच्या वेळेला कळा सुरू झाल्या होत्या, बाहेर रिक्षा घरघरत उभी होती, आणि रुचिरा चौकट धरून उभी, कारण आत बाबा हात जोडून गावच्या देवाला, त्याच्या शिवेला, तिथल्या वडापिंपळाला एकेक करून हाक मारत होते, आणि खांद्यावर बॅगा घेतलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होते. घाटकोपरला तिच्या माहेरी देवाला मुकाट्याने फूल वाहायची पद्धत. लग्नानंतरचं पहिलं वर्ष तिचं हसू दाबण्यात गेलं. आता तिचंही तोंड आपोआप "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हात गॅसच्या बटणावर असायचा, लक्ष दुधाकडे.

"नारळ कशाला आज?" श्वेता स्वयंपाकघरात येत म्हणाली. ही थोरली जाऊ. निलेशदादा आणि ती मुलुंडला भाड्याने राहायचे आणि चारकोपला आले की पाहुण्यांसारखे नाही, तपासनीसांसारखे यायचे. "वकिलीण येतेय की नवरी?"

"बाबांना विचारा."

"आणि ती घरी कशाला? रजिस्ट्रारच्या ऑफिसाबाहेर ढिगाने बसलेत ना. ह्यांनी कागद टाइप करून आणलाय. सही केली की झालं, यार."

"सिद्धेश म्हणाला, एकदा कुणाला तरी दाखवू."

"सिद्धेश म्हणाला, की तू म्हणालीस आणि त्याने मान हलवली?"

रुचिराने साखरेचा डबा उघडला. श्वेताताईचं हे असंच. बोलायची लागेल असं, पण खोटं नाही.

कागद बक्षीसपत्राचा होता. बाबांनी, म्हणजे धाकू परबांनी, चारकोपच्या सेक्टरातलं हे बैठं घर, वर चढवलेल्या माळ्यासकट, दोन्ही मुलांना बक्षीस द्यायचं. मग ते विकायचं. आलेल्या पैशांत निलेशने मुलुंडला घर घ्यायचं आणि सिद्धेशने बोरिवलीला. म्हाताऱ्यांचंही ठरलं होतं. बाबा मुलुंडला, आई बोरिवलीला. दोघांना एकत्र ठेवणं एकाच घराला झेपणार नाही, हे निलेशदादा बोलला तेव्हा कुणीच काही बोललं नव्हतं. रुचिराही नाही. तिने बोरिवलीचा सॅम्पल फ्लॅट पाहिला होता. त्यात बेडरूमला दार होतं. लावलं की लागणारं. त्या दाराला हात लावून ती नको तितका वेळ उभी राहिली होती, आणि तेव्हापासून तिला स्वतःचीच थोडी लाज वाटत होती.

आईंचं विसरणं सुरू झालं त्याला वर्ष होऊन गेलं. आधी मीठ दोनदा पडायचं, मग पडायचंच नाही. मग एके सकाळी त्या दूध आणायला म्हणून गेल्या आणि मिळाल्या मार्वेच्या जेट्टीवर, मनोरीच्या लाँचच्या रांगेत, रिकामी पिशवी घेऊन. पलीकडे मावशी वाट बघतेय म्हणाल्या. एका कोळणीने त्यांना टोपलीशेजारी बसवून ठेवलं होतं. त्या दिवसानंतर सिद्धेशने दाराला वरच्या अंगाला कडी लावली आणि रुचिराने नोकरीवर बिनपगारी रजा टाकली. तिची झोप पातळ झाली. अबोलीचा खोकला एका कानाने आणि आईंच्या बांगड्या दुसऱ्या कानाने ऐकत ती रात्र काढायची. बांगड्या वाजल्या की उठायचं, त्यांना बाथरूमला न्यायचं, परत आणून निजवायचं. सिद्धेश झोपेत विचारायचा, "काय झालं?" आणि उत्तराआधी घोरायचा.

*

अ‍ॅडव्होकेट शुभा नाबर रिक्षातून उतरल्या त्या गुडघा धरतच. साठीच्या आसपास, सुती पंजाबी ड्रेस, खांद्याला भाजी आणायला न्यावी तशी पिशवी. रुचिराच्या आईच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर त्यांचं भाषण झालं होतं, तिथून नंबर मिळालेला. म्हाताऱ्या माणसांचीच कामं घेतात, एवढंच रुचिराला ठाऊक होतं.

निलेशदादाने पुढे होऊन कागद दिला. "मॅडम, रेडी आहे सगळं. फक्त एकदा नजर टाका."

"टाकते." त्यांनी कागद पिशवीखाली ठेवला. "आधी काकांशी बोलते. आत. एकटी."

"आमच्यासमोर बोला ना. आमच्यात लपवण्यासारखं काय नाय."

"तुमच्यात नसेल. मी सगळीकडे असंच करते. माझा अशील कोण? ज्याचं घर, तो. तुम्ही मला बोलावलंत, चहा पाजाल, फीसुद्धा द्याल. पण अशील ते."

बाबा कॉटवरून उठले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमनची ड्यूटी केली होती. अजूनही उठताना ते आधी डोक्यावरची नसलेली टोपी सारखी करायचे. "चला बाय," म्हणाले, आणि आतल्या खोलीचं दार लागलं.

ते दार दिवसा कधी लागत नसे. चौघं बाहेर ओट्यावर येऊन बसले. आई आत, माळ्याच्या जिन्यावरच्या आपल्या पायरीवर लसूण सोलत होत्या. लसूण कालच सोलून झाला होता, म्हणून रुचिराने त्यांना नवा आणून दिला होता.

"ही बाई आपल्या बाजूची आहे ना?" सिद्धेशने हळूच विचारलं.

"कुठली आपली बाजू?" रुचिरा म्हणाली.

"दोन बाजू आहेत होय?" श्वेता लगेच. "मला वाटलं आपण एकच फॅमिली."

निलेश मोबाईलकडे बघत बोलला, पण आवाज दमलेला होता. "तुम्हाला वाटत असेल, दादा घर लाटायला निघालाय. मी इथे राहत नाय, खरंय. पण दर अकरा महिन्यांनी नवा मालक, नवं डिपॉझिट. माझी शुगर बघ. पन्नाशी आली. माझ्या नावावर एक भिंत नाय. बाबांच्या डोळ्यांदेखत झालं तर त्यांनाही बरं वाटेल, एवढंच."

रुचिराला त्याच्याविरुद्ध काहीतरी सापडायला हवं होतं. सापडेना. तो वाईट नव्हता, तिच्यासारखाच थकलेला होता. फक्त तो मुलुंडला थकायचा.

दार उघडलं. शुभाताईंनी आईंना आत बोलावलं. आईंनी लसणाच्या पाकळ्या पदरात घेतल्या आणि निघाल्या. बाबा बाहेर येऊन उभे राहिले, त्या दाराकडे तोंड करून, ड्यूटीवर असल्यासारखे.

"काय म्हणाली वकिलीण?" निलेशने विचारलं.

"माका इचारल्यान, काका, तुमका काय व्हया? ह्या माका कोणी इचारूक नव्हता. म्हणान उत्तर देऊक येळ लागलो."

*

चहा झाला. शुभाताईंनी तो बशीत ओतून प्यायला, आणि बाबांना ते आवडलं हे सगळ्यांनी पाहिलं.

"आईंनी मला जेवलीस का म्हणून तीनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "तारीख सांगता आली नाही. घर कोणाचं विचारलं तर 'आमचा' म्हणाल्या. कोणासोबत राहायचंय विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की जणू विसरायला मलाच होतंय."

सिद्धेश हसला आणि एकटाच हसतोय हे कळून थांबला.

"आता हा कागद." त्यांनी तो पिशवीखालून काढला. "बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की घर काकांचं राहत नाही. उद्या सकाळी उठून ते स्वतःच्याच ओट्यावर बसतील, पण पाहुणे म्हणून. मुलं सांभाळतील, असं यात कुठेही लिहिलेलं नाही. ते लिहिलेलं नसलं की पुढे दाद मागायला गेलेल्या म्हाताऱ्यांचे काय हाल होतात, ते मी रोज बघते."

"म्हणजे आम्ही बाहेर काढू त्यांना?" श्वेताचा आवाज चढला.

"नाही काढणार. माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेकांच्या सुना-मुलांनी असंच सांगितलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते सांगताना खरं असतं."

"मग काय करायचं?" निलेश.

"मृत्युपत्र करता येतं. घर हयातभर काकांचं. काकांच्या मागे आई जिवंत असेपर्यंत त्यांना इथून कोणी उठवायचं नाही, आणि त्यांच्यानंतर दोघा मुलांना सारखं. मन बदललं तर तेही बदलता येतं. दुसरं, आजारपणाचं. हॉस्पिटलात कोणी निर्णय घ्यायचे, कुठवर उपचार करायचे, ते आधी लिहून ठेवता येतं. तिसरं आईंचं. त्यांची समज आज आहे तेवढी उद्या असेलच असं नाही, आणि समज गेली की त्यांनी दिलेलं मुखत्यारपत्रही कामाचं राहत नाही. म्हणून त्यांना या आठवड्यात डॉक्टरकडे न्या, जमण्यासारखं असेल तर त्यांच्या सह्या आधी. आणि चौथं." त्यांनी बशी खाली ठेवली. "रात्री आईंना कोण उठवतं?"

बाबा म्हणाले, "धाकटी."

"दुसरं कोण?"

"दुसरा कोण नाय."

रुचिराने अबोलीला उगाच मांडीवर ओढून घेतलं. कुणीतरी आपल्याकडे बघेल म्हणून तिने मान खाली घातली, आणि खरंच सगळे बघत होते.

"त्याचा कागदाशी काय संबंध?" निलेशने विचारलं.

"माझ्याकडचे अर्धे कागद तिथेच फाटतात. ज्याच्या नावावर घर आणि जो रात्री उठतो, ही दोन माणसं वेगळी असली की फाटतात. मी लिहिते ते शेवटी. आधी तुमच्यात तोंडाने ठरू दे."

"तोंडाने ठरलंय, मॅडम. बाबा आमच्याकडे, आई ह्यांच्याकडे."

"हे काकांना कोणी सांगितलं?"

पंखा कुरकुरत फिरत होता. रुचिराने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, आणि तिच्या लक्षात आलं की त्यांना माहीत आहे. या घरात आजवर कुणी दार लावून बोललं नव्हतं. इथे सगळ्यांना सगळं ऐकू येतं.

"नारळ ठेवलोहा," बाबा म्हणाले. "काय लिवचा ता मागाहून लिवा. पयला गाऱ्हाणा घालूया."

"बाबा, आता? मॅडमना टाइम नसेल."

"मला आहे," शुभाताई म्हणाल्या, आणि गुडघा धरून उठून उभ्या राहिल्या.

*

सगळे देव्हाऱ्यापुढे दाटीवाटीने उभे राहिले. बाबांनी टोपी नसलेल्या डोक्यावर रुमाल घेतला, हात जोडले, डोळे मिटले. आणि नेहमीसारखाच त्यांचा आवाज बदलला. कॉटवरच्या म्हाताऱ्याचा गेला आणि खूप लांबून, कुठल्यातरी उतारावरून हाक मारल्यासारखा आला.

"बा देवा म्हाराजा! तू गावच्या शिवेवर बसान ह्या मुंबयतल्या लेकरांची राखण करतंस, ती अशीच करीत ऱ्हव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज माझे दोनय झील, सुनो, नात तुझ्या म्होरां हात जोडून उभी हत, तेंच्या हातापायाक सुख दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." निलेशच्या मुठीत मोबाईल उजळला आणि विझला. श्वेता ओढणी सारखी करत होती. सिद्धेशला जांभई आली, ती त्याने म्हाराजामध्येच उरकली.

"नातीचो खोकलो लांब कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हे रुचिरा मनापासून म्हणाली.

"आज घराक वकीलबाय इलीहा. तिच्या हातान जो काय कागद होतलो, तो सगळ्यांच्या बऱ्याचो होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घर, आमच्या दोगांच्या कुडीत जीव आसा तवसर आमचाच ऱ्हवंदे. आमच्या मागाहून दोनय झिलांका सारख्या वाटून जावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझी येळ इली तर नळये खुपसून माका टांगून ठेवू नको. ह्याच घरातसून जावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हा..." निलेश अर्ध्यावर थांबला. त्याने मान वर केली. श्वेताचा हात ओढणीवर राहिला. रुचिराने मागे काय काय म्हटलं ते मनात उलटं आठवून बघितलं. घर. मृत्युपत्र. हॉस्पिटल. देवासमोर, हात जोडून, एका सुरात, तिच्यासकट सगळ्यांनी. बोरिवलीचं ते दार गेलं.

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"आणि म्हाराजा, गिरण बंद पडली तेव्हा हिने पापड लाटून घर चालवल्यान. एक दीस माका काय बोलूक नाय. तेव्हा आता शेवटाक आमका दोगांका दोन घरात वाटू नको. एका छपराखाली ठेव रे म्हाराजा."

आता सगळे जागे होते, आणि म्हणून कुणीच बोललं नाही. अगरबत्तीची राख पडली. पायरीच्या बाजूने, पदरात लसूण धरून उभ्या असलेल्या आई एकट्याच, ठणठणीत म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." आणि बाकीच्यांकडे वळून, "काय रे? तोंडा खय गेली तुमची?"

निलेशने ओठ चावला. तो शुभाताईंकडे वळला. "हे काय कोर्टात चालतं काय?"

"कोर्टात नाही चालत," त्या म्हणाल्या. "घरात चालतं का, ते तुम्ही सांगा."

रुचिराला माहीत होतं आता काय होणार. सिद्धेश म्हणेल, मग दादाही म्हणेल, डोळे पुसून. सगळ्यांना भरून येईल. नारळ फुटेल, खोबरं वाटलं जाईल, श्वेताताई मुलुंडला जातील, आणि बांगड्या वाजल्या की उठायचं तिनेच. हे चांगुलपण सगळ्यांचं असेल आणि त्याची पाळी तिची. तिला नाही म्हणायचं नव्हतं. या दोघांना दोन घरांत वाटायचं म्हणजे काय, ते तिला जेट्टीवर त्या रिकाम्या पिशवीकडे बघतानाच कळलं होतं. पण नुसतं हो म्हणण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"थांबा बाबा," ती म्हणाली.

गाऱ्हाण्यात कुणी कधी मध्ये बोलत नसे. सिद्धेशने तिचं कोपर धरलं. तिने ते सोडवून घेतलं.

"त्याच्याआधी राखणीचं घाला. रात्री कोण उठणार, ते घाला. नावं घेऊन. मग मी म्हणते."

"रुचिरा, देवासमोर काय हे," श्वेता कुजबुजली.

"मग कुठे बोलू? ओट्यावर बोलले असते तर तुम्ही निघाला असता."

बाबांनी डोळे उघडले. एवढ्या वर्षांत रुचिराने त्यांना गाऱ्हाण्यात अडखळलेलं पाहिलं नव्हतं. शिवेला, पाण्याला, वडापिंपळाला हाक मारायचे शब्द त्यांच्याकडे होते. म्हाताऱ्या बाईला रात्री बाथरूमला नेण्याचे नव्हते. कुणी तयारच केले नव्हते. ते देवाकडे बघत राहिले, मग तिच्याकडे, आणि त्यांचा आवाज आला तो उतारावरचा नव्हता. कॉटवरचाच होता.

"बा देवा. रातीची ही पोर एकटी उठता. माका जाग येता, पण माज्यान उठवत नाय. मी ऐकतंय नि निजल्याचा सोंग करतंय." त्यांनी श्वास घेतला. "आजपासून पाळी लाव रे म्हाराजा. सिद्धेश उठांदे. निलेश नि थोरली शेनवार-आयतवार हय येवंदेत, ते उठांदेत. जो येवचो नाय, तेना उठणाऱ्या बायेचो पगार देवंदे. ह्या पोरीक तिच्या कामार जावंदे. तिका निजांदे रे म्हाराजा."

सिद्धेश आधी म्हणाला. खरखरीत आवाजात, जमिनीकडे बघत. "व्हय म्हाराजा."

निलेशने श्वेताकडे पाहिलं. ती देव्हाऱ्याकडे बघत होती. "शनिवारी मला क्लास असतो," ती कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली. मग, "शनिवारी बाई ठेवू." निलेशने मोबाईल खिशात घातला, हात पुन्हा जोडले. "व्हय म्हाराजा."

"आणि एका छपराखाली," बाबा म्हणाले. त्यांना तेवढंच म्हणवलं.

रुचिराने अबोलीला कमरेवर सरकवलं आणि म्हटलं. तिचा आवाज बाकीच्यांत मिसळला, की बाकीचे तिच्यात, ते तिला कळलं नाही.

नारळ सिद्धेशने फोडला. एक भकल नासकं निघालं. बाबांनी ते बाजूला ठेवलं, दुसरं पुरेल म्हणाले. शुभाताईंनी टाइप केलेला कागद निलेशच्या हातात परत दिला, पिशवीतून कोरा काढला, चष्मा लावला. "आता सावकाश सांगा काका. देवाला सांगितलंत तसंच, फक्त शेवटपर्यंत. रात्रीच्या पाळीसकट. मी लिहून घेते, मग सगळ्यांना वाचून दाखवते."

श्वेताने खोबऱ्याला साखर लावायला घेतली. "त्या बाईचा पगार कोणी द्यायचा, तेपण लिहा," ती आतून म्हणाली. "नायतर आमच्याच गळ्यात."

"लिहिते," शुभाताई म्हणाल्या.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. आई पायरीवरून उठल्या होत्या, पदरातला लसूण सांडत, आणि बाथरूमच्या उलट्या दिशेने निघाल्या होत्या, दाराकडे. रुचिराने अबोलीला मांडीवरून खाली ठेवलं. स्वतः अर्धी उठलीसुद्धा.

मागे खुर्ची सरकली.

"ऱ्हव, मी बघतंय," निलेशदादा म्हणाला. त्याने आईच्या खांद्याला नवख्यासारखा, कुठे धरायचं ते न कळून हात लावला. "चल गे आये. हयसून." तिने त्याच्याकडे बघून विचारलं, "जेवलंस?" आणि तो म्हणाला, "नाय गे, अजून नाय."

रुचिरा परत खाली बसली. हातांचं काय करावं ते तिला सुचेना, म्हणून तिने लसणाच्या पाकळ्या गोळा करायला घेतल्या. कान मात्र दाराच्या कडीकडेच लागून राहिले.